ओळख द्यायची नाही

मुलीच्या शाळेसाठी मी नंदुरबारात चार शाळा पालथ्या घातल्या आणि चारही ठिकाणी एकच प्रश्न विचारला. शिक्षक कसे आहेत, मैदान केवढं आहे, संडास धुतात का, ते सगळं बायकोनं विचारलं. मी खिडकीतल्या क्लार्कपाशी वाकून हळूच विचारायचो, "योजनेची पोरं किती आहेत हो?"

योजनेची पोरं म्हणजे डोंगरातली. सरकार धडगाव, अक्कलकुव्याकडची आदिवासी मुलं निवडतं आणि शहरातल्या खाजगी इंग्रजी शाळांत घालतं. राहणं, खाणं, शिकणं सगळं सरकारचं. म्हणजे डॉक्टरचा मुलगा आणि सातपुड्यातली पोर एकाच बाकावर. कागदावर फार छान दिसतं ते. पालकांना बघवत नाही.

चौथ्या शाळेतला क्लार्क समजूतदार होता. म्हणाला, "काळजी करू नका साहेब. आहेत थोडी, पण वसतिगृहात असतात. जेवायलाही वेगळी बसतात. आपल्या मुलांत फारशी मिसळत नाहीत." आपल्या मुलांत! मला तर आतून गुदगुल्या झाल्या. मी तिथंच उभ्या उभ्या फॉर्म भरला.

गुदगुल्या का, तर मी स्वतः डोंगरातला. धडगावच्या घाटापलीकडं, जीप सोडून पुढं तासभर पायी गेलं की आमचा पाडा लागतो. पहिलीत गेलो तेव्हा मला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. आश्रमशाळेत जायला वाटेत नदी होती, तिच्यातून मोठ्या भावानं मला खांद्यावर बसवून नेलेलं आहे. तो स्वतः चौथीत शाळा सोडून शेतात राहिला आणि मी शिकत शिकत जिल्हा परिषदेच्या खुर्चीपर्यंत आलो. मराठी अशी घासूनपुसून घेतली की फोनवर लोक मला पुण्याचा समजतात. अहिराणी बसस्टँडवर आणि ऑफिसात शिकलो. राहता राहिलं आडनाव. तेही नशिबानं साथ देणारं निघालं.

आमच्याकडं सख्ख्या भावांची आडनावं वेगळी असतात, हे खाली सपाटीवरच्या माणसाला खरं वाटत नाही. पण आमची आडनावं बापानं दिलेली नसतात, मास्तरांनी दिलेली असतात. भावाला शाळेत घातलं तेव्हाच्या मास्तरनं जमातीचंच नाव आडनाव म्हणून लिहिलं. मला घातलं तेव्हा मास्तर बदललेला. या नव्या मास्तरला कळलं की आमच्या आजोबांना गावात मान होता, मग त्यानं त्या मानाचं आडनाव मला लावून टाकलं. तापीकाठच्या जमीनदार घरांतही तेच असतं. एकाच आईच्या पोटचे आम्ही, हजेरीपटावर एक डोंगरात राहिला आणि दुसरा तापीच्या मळ्यात जाऊन बसला. मी कधी कुणाला मी कोण ते सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. विचारायची गरज वाटू नये, एवढी मी काळजी घेतली.

घरात पावरी, म्हणजे आमची बोली, बंद. बायको माझ्याच बाजूची, तिचं अधूनमधून तोंडातून निसटायचं, तर मी डोळे वटारायचो. मुलगी मराठी आणि इंग्रजीत वाढली. शाळेत ती छान रुळली. पालकांच्या बैठकीत पुढच्या रांगेत बसणाऱ्या एक ताई होत्या, केळीच्या बागा असलेल्या घरातल्या, पालक संघात त्यांचा शब्द चालायचा. त्यांचा मुलगा माझ्या मुलीच्या वर्गात. बैठक सुटली की त्या मला बाजूला घेऊन मन मोकळं करायच्या. "काय सांगू भाऊ, आते आख्खी शाळा डोंगरना पोरेसनी भरी ऱ्हायनी. आपला पोरेसले काय वळण लागी? तुम्ही आपला मानूस शेतस म्हनीसन सांगस."

मी काय केलं असेल? मान डोलावली. वर म्हणालो, "डोक्यात उवा पण असतात हो त्यांच्या." ताई नुसत्या उवांवर थांबल्या असत्या की नाही कोण जाणे, पण मी त्यांना आणखी दोन गोष्टी पुरवल्या. त्या मला माहीत होत्या, कारण आश्रमशाळेत त्या माझ्याच डोक्यात आणि माझ्याच अंगावर होत्या. त्या दिवशी ताईंनी मला पालक संघात घेतलं.

मुलगी तिसरीत गेली त्या उन्हाळ्यात भावाचा फोन आला. आमच्या पाड्यावर रेंज नाही. फोन करायचा तर टेकडीवर चढावं लागतं. धापा टाकत, ओरडत तो सांगत होता. त्याची धाकटी, सहा वर्षांची, योजनेत निवडली गेली होती. आणि शाळा कोणती? माझ्या मुलीची! "आता दोघी बहिणी एकाच शाळेत," तो म्हणाला. "फॉर्मवर स्थानिक पालक म्हणून तुझं नाव लिहिलं. दुसरं कोणाचं लिहू?"

मी "वा वा" म्हणालो. फोन ठेवला आणि बायकोला म्हणालो, "झालं वाटोळं."

हसायला येईल, पण मी खरंच प्रयत्न केला. आमच्या इमारतीतच या योजनेचं काम बघणारा एक जण बसतो. त्याच्याकडं गेलो, चहा पाजला, म्हणालो, अमुक एका मुलीची शाळा बदलता येईल का, दुसऱ्या गावची दिली तर बरं. तो म्हणाला, का हो, ही शाळा तर चांगली आहे. चहा पिऊन परत आलो.

जूनमध्ये ती आली. मी पहिल्या दिवशी गेलो नाही. भावाला सांगितलं, ऑफिसात तपासणी आहे. भाऊ तिला सोडून, वसतिगृहाच्या पायरीवर जरा बसून, त्याच जीपनं परत गेला. माझ्या घरी आला नाही, कारण मी घरी नाही असं मीच सांगितलं होतं.

ऑगस्टमध्ये पालकांची बैठक होती. मैदानात मी, ताई आणि आणखी दोघं उभे होतो. तेवढ्यात ती दिसली. तेल चोपडून घट्ट बांधलेल्या दोन वेण्या, गुडघ्याखाली येणारा फ्रॉक. मला पाहिलं आणि धूम पळत आली, माझ्या पायाला मिठी मारली आणि पावरीत मोठमोठ्यानं सुरू झाली. घरी कधी नेणार, आई कशी आहे, शेळी व्याली का. तिनं दोन महिन्यांत आपल्या माणसाचं तोंड पाहिलं नव्हतं. ताईंनी पदर सावरला आणि एक पाऊल मागं सरकल्या.

"ही कोन?" त्यांनी विचारलं.

"ऑफिसात एक शिपाई होता आमच्या," मी म्हणालो. "त्याची पोरगी. बघा कशी लोचटासारखी चिकटते."

सगळे हसले. मीही हसलो. माझी मुलगी बाजूला उभी होती, ती हसली नाही, माझ्याकडं बघत राहिली. मग तिनंही ओठ मुडपून हसून घेतलं.

मी पोरीचं मनगट धरलं आणि तिला पाण्याच्या टाकीमागं नेलं. तिथं खाली बसलो, तिच्या डोळ्यांत बघून पावरीतच, पण अगदी हळू सांगितलं. "हे बघ. या शाळेत नियम आहे. आपल्या घरच्या माणसाला ओळख द्यायची नाही. मला नाही, तुझ्या बहिणीलाही नाही. कोणी विचारलं, ओळखतेस का, तर नाही म्हणायचं. ओळख दिलीस तर सर घरी पाठवतील आणि तुझे बाबा रागावतील."

ती ऐकत होती. केवढं मन लावून ऐकत होती! आमच्या पोरांना शाळेत नियम फार असतात. चप्पल इथं काढायची, रांगेत हात मागं, जेवताना बोलायचं नाही. त्यातलाच हा एक, असं तिनं धरलं असणार. तिनं फक्त एवढं विचारलं, "रविवारी पण नाही?"

"रविवारी पण नाही."

तिनं मान हलवली. मी खिशातला बिस्किटांचा पुडा तिच्या हातावर ठेवला. ती पळत गेली. एकदाही मागं वळून पाहिलं नाही, आणि मला वाटलं, चला, मिटलं.

खरोखरच मिटलं. पुढं मी शाळेत जाई तेव्हा ती व्हरांड्यातून जाताना दिसे. नजर सरळ समोर. माझ्या मुलीच्या शेजारून पाण्याच्या नळावर जाई, तरी बोलत नसे. माझी मुलगी घरी येऊन गंमत सांगायची की आज ती इंग्रजीच्या तासाला रडली, आज तिनं भातात पाणी ओतून खाल्लं. नक्कल करून दाखवायची. हुबेहूब करायची हो! बायको उठून आत जायची. मी मात्र खुर्चीत बसून ऐकायचो, एकदा तर "परत कर" असंही म्हणालो. माझी मुलगी कुठल्या बाजूची आहे ते आता तिलाही कळलं होतं, आणि मला त्याचा अभिमान वाटला.

जानेवारीत एका दुपारी शाळेतून फोन आला. वसतिगृहाच्या बाई होत्या. "तुमच्या पुतणीला ताप आहे, तीन दिवस झाले, उतरत नाही. फॉर्मवर तुमचं नाव आहे. घरी न्या, डॉक्टरला दाखवा."

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. हे मी मुद्दाम सांगतो, कारण मी अगदीच राक्षस नव्हतो. पोरीला घेऊन यायचं, डॉक्टरकडं न्यायचं, असं मनात होतं. शाळा सुटायच्या आधी जाऊन यावं म्हणजे कोणी बघणार नाही, असंही मनात होतं. पण ऑफिसातून निघायला उशीर झाला. पोचलो तेव्हा गेटवर पालकांची गर्दी, आणि अगदी पुढं, स्कूटीवर टेकून, ताई.

वसतिगृहाच्या बाईंनी पोरीला गेटपाशी आणलं. स्वेटर, वर चादर गुंडाळलेली, ओठ सुकून पांढरे पडलेले. बाईंच्या हातात रजिस्टर होतं. नियम असा की मूल कोणाच्या ताब्यात द्यायचं असेल तर आधी मुलानं त्याला ओळखलं पाहिजे. नियम चांगलाच आहे. आजकाल काय काय घडतं, आपण वाचतो.

बाईंनी रजिस्टर बघितलं, माझ्याकडं बघितलं. "काका म्हणता, आणि आडनाव तर वेगळं." मग वाकून पोरीला विचारलं, "बाळ, हे कोण? ओळखतेस ना?"

पोरीनं माझ्याकडं पाहिलं. मी तिच्याकडं पाहिलं. तिनं चादर घट्ट धरली आणि स्पष्ट मराठीत म्हणाली, "नाही ओळखत."

"नीट बघ. हे तुझे काका ना?"

"नाही."

गर्दी वळून बघायला लागली. बाईंचा आवाज बदलला. "साहेब, पोरगी तर नाही म्हणते. तापात असेल बिचारी. तुम्ही तिच्या भाषेत बोला ना तिच्याशी, म्हणजे तिला कळेल. काका आहात तर येत असेलच की."

एवढंच करायचं होतं. चार शब्द. 'चल पोरी, घरी जाऊ' एवढं पावरीत म्हटलं असतं तर ती धावत आली असती, बाईंनी सही घेतली असती, दहा मिनिटांत आम्ही दवाखान्यात असतो. शब्द माझ्या जिभेवर होते. ताई स्कूटीवरून उतरून दोन पावलं पुढं आल्या होत्या, डोळे बारीक करून माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

मी मराठीतच म्हणालो, "काहीतरी घोटाळा झालेला दिसतो. माझं नाव कोणीतरी चुकून टाकलंय. तिच्या वडिलांनाच बोलवून घ्या."

बाई म्हणाल्या, "त्यांचा फोन लागत नाही हो सकाळपासून."

"लागेल," मी म्हणालो. "प्रयत्न करत रहा."

त्यांनी पोरीला परत आत नेलं. ती चालत गेली, चादरीचं टोक मातीत घासत होतं. ताई म्हणाल्या, "कसा लोक शेतस! कोनबी कोनं नाव लिखी देस." मी म्हणालो, "तर काय!" मुलीला गाडीवर बसवलं आणि घरी आलो. मुलगी घरी आल्यावर दप्तर ठेवता ठेवता म्हणाली, "पप्पा, तिनं बरोबर सांगितलं ना?" मी म्हणालो, हात धू आणि जेवायला बस.

भावाला निरोप मिळायला दुसरा दिवस उजाडला. टेकडीवर चढलेल्या कोणीतरी तो घेतला आणि पाड्यावर पोचवला. जीपच्या टपावर बसून तो संध्याकाळी शाळेत आला तेव्हा त्या बाई घरी गेल्या होत्या, पहारेकऱ्यानंच पोरगी त्याच्या हवाली केली आणि तो तिला पाठीवर घेऊन सरकारी दवाखान्यात गेला. हिवताप निघाला. वाचली. पण फार खंगली होती, म्हणून होळीपर्यंत तिला घरीच ठेवायचं ठरलं.

त्यानं मला फोन केला, "तू नव्हतास का गावात?"

"मुंबईला होतो, कामानं," मी म्हणालो.

"हां, मग काय करणार," तो म्हणाला. त्यानं खरं धरलं. माझं सगळं तो नेहमीच खरं धरत आला.

मार्चमध्ये माझ्या मुलीला शाळेतून प्रकल्प मिळाला. विषय, आपल्या जिल्ह्याची संस्कृती. पाहा कशी गंमत. डोंगरातली पोरं बाकावर नकोत, पण डोंगरातली होळी तक्त्यावर पाहिजे! बाकीची मुलं फोटो मोबाइलवरून उतरवणार होती. मी म्हटलं, आपण खरे फोटो आणू, पहिला नंबर काढू. होळीच्या दोन दिवस आधी मुलीला जीपमध्ये घालून, पुढं तासभर चालवत पाड्यावर गेलो.

भाऊ अंगणात जमिनीवर बसला होता. त्याची पालनी चालू होती. काठी गावच्या होळीत नाचायचा नवस ज्यानं केला, त्यानं होळीआधीचे काही दिवस हे व्रत पाळायचं असतं. अंघोळ नाही, चप्पल नाही, खाटेवर बसायचं नाही. आणि आमच्या घरात त्याहून कडक नियम म्हणजे, त्या दिवसांत कोणाशी भांडायचं नाही, कोणाला वाईट बोलायचं नाही, नाहीतर नवस फुकट जातो. नवस पोरीसाठी होता. तिचा ताप उतरला म्हणून. तो कमरेच्या पट्ट्यात घुंगरू ओवत होता. अंगावर राखेचे ठिपके, केस वाढलेले. मला पाहून खुलला. स्वतः जमिनीवरच राहिला, माझ्यासाठी खाट ओढून आणायला लावली.

पोरगी दारातून बाहेर आली. बारीक झालेली, पण डोळे टवटवीत. ती धावली नाही. अंगणाच्या मध्यावर येऊन थांबली, माझ्या मुलीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मग शाळेत शिकलेल्या स्वच्छ मराठीत, हात मागं बांधून विचारलं, "काका, इथं ओळख दिली तर चालेल का?"

मी हसण्याचा प्रयत्न केला. भावानं घुंगरू खाली ठेवले. त्यानं पोरीला जवळ बोलावून पावरीत विचारलं, कसली ओळख?

आणि तिनं सांगितलं. सगळं. मैदानात मी काय म्हणालो ते तिला कळलं नव्हतं, ते सोडून सगळं. पाण्याची टाकी, नियम, रविवारी पण नाही, बिस्किटं. मग गेट. बाईंनी दोनदा विचारलं ते. अगदी आनंदानं सांगत होती, आपण धडा पाठ म्हणून दाखवतो तसं. शेवटी माझ्याकडं वळून म्हणाली, "मला खूप ताप होता ना काका, उभं राहवत नव्हतं. तरी मी ओळख दिली नाही. बरोबर केलं ना?"

ती शाबासकीची वाट बघत माझ्यापुढं उभी राहिली.

भाऊ माझ्याकडं बघत होता. त्याच्या गळ्याची शीर उडताना मला दिसत होती. हा माणूस रागीट आहे, लहानपणी त्यानं माझ्यासाठी लोकांची डोकी फोडलेली आहेत. मी खाटेवर, तो माझ्या पायांशी जमिनीवर. मी वाट बघत होतो, हा आता उठेल, दोन ठेवून देईल, आईवरून शिव्या घालेल. मला ते हवं होतं. पण पालनी होती, पोरीच्या जिवासाठी केलेली. त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. मग पुन्हा पट्टा मांडीवर घेतला आणि घुंगरू ओवायला लागला. घुंगरू दोऱ्यात जात नव्हतं. पोरगी खाली बसून त्याला दोरा धरून द्यायला लागली.

माझ्या मुलीनं तेवढ्यात मोबाइल काढला आणि फोटो घेतला. कोणी नको म्हटलं नाही.

होळीनंतर पोरगी शाळेत परत आली नाही. भावानं तिला पाड्यापासून दोन तासांवरच्या आश्रमशाळेत घातलं, मी शिकलो तिथंच. वसतिगृहाच्या बाईंनी यादीतलं नाव कापलं. मला वाटलं होतं, पालनी सुटली की त्याचा फोन येईल, शिव्या का होईना येतील. आलाच नाही. मी केला, तर कोणी उचलत नाही. टेकडीवर रेंज आहे, मला माहीत आहे.

मुलीच्या तक्त्याला पहिला नंबर मिळाला. शाळेनं तो दर्शनी भिंतीवर लावला. पालकांच्या बैठकीला गेलो तेव्हा ताई त्याच्यापुढं उभं राहून कौतुक करत होत्या, किती अस्सल फोटो मिळवला म्हणून. राखेचे ठिपके, खाली घातलेली मान, हातात घुंगरू, शेजारी दोरा धरलेली पोर. फोटोच्या खाली माझ्या मुलीच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, 'होळीची तयारी करणारा डोंगरातील एक माणूस व त्याची मुलगी.'

काय लिहायचं ते तिनं मला विचारलं नव्हतं. मीही सांगितलेलं नव्हतं.